गिरणी, हॉटेल आणि पाठशुद्धी

जुन्या औद्योगिक वास्तूंची हॉटेले करण्याची रीत युरोपात आता इतकी रुळली आहे की तिचे कोणाला नवल वाटत नाही. धान्याची कोठारे, पाणचक्क्या, दारूच्या भट्ट्या, सूतगिरण्या अशा वास्तू शहरापासून दूर, नदीच्या काठी किंवा डोंगराच्या कुशीत कित्येक दशके ओस पडलेल्या असतात. मग कोणीतरी त्यांच्या भिंती घासूनपुसून घेते, तुळया उघड्या करते, उंच खिडक्यांना नवी तावदाने बसवते आणि तिथे मोजक्या खोल्यांचे, चोखंदळ पाहुण्यांसाठीचे 'बुटीक' हॉटेल सुरू होते. अशा हॉटेलांच्या माहितीपत्रकांत तीन गोष्टींचा हमखास उल्लेख असतो : इतिहास, निसर्ग आणि निवांतपणा. यांपैकी पहिली आणि तिसरी गोष्ट एकाच वाक्यात शेजारी-शेजारी बसू शकतात का, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. गिरणीच्या इतिहासात आणखी काही असो वा नसो, निवांतपणा निश्चितच नव्हता.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन ठरीव पद्धती आहेत. वास्तू वाचली, तिला उत्पन्नाचे साधन मिळाले, याहून अधिक काय हवे, असे एक पक्ष म्हणतो. जिथे माणसे राबली, जिथे मुलांची बालपणे करपली, तिथे गुबगुबीत गाद्या घालणे हा श्रमाचा अपमान आहे, असे दुसरा पक्ष म्हणतो. आम्हांला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. पहिल्याला वास्तू म्हणजे केवळ दगडविटा वाटतात. दुसरा वास्तूला स्मारक मानतो खरा, परंतु स्मारक उभे ठेवायला खर्च येतो आणि तो कोणीतरी करावा लागतो, हे तो विसरतो. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे असल्यामुळे या प्रश्नाकडे तिसऱ्या बाजूने, म्हणजे संहितेच्या बाजूने, पाहावे असे आम्हांला वाटते. त्यासाठी सर्वत्र पसरलेली ढोबळ उदाहरणे न घेता एकच उदाहरण नीट पाहू : स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क.

ग्लासगोच्या आग्नेयेस सुमारे चाळीस किलोमीटरवर क्लाइड नदी एका अरुंद घळीत उतरते. तिथल्या धबधब्यांच्या पाण्यावर यंत्रे चालतील हे ओळखून ग्लासगोचा व्यापारी डेव्हिड डेल याने रिचर्ड आर्कराइटच्या साहाय्याने गिरणी उभारायला घेतली. १७८६ साली तिथे सूत निघू लागले. १७८८ मध्ये पहिली गिरणी जळाली. पुढच्याच वर्षी ती पुन्हा बांधण्यात आली. एकामागोमाग चार गिरण्या आणि त्यांच्यासोबत कामगारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. यांपैकी एका रांगेचे नाव केथनेस रो. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला असलेल्या केथनेस परगण्यावरून हे नाव आले, कारण डेलने आणलेल्या कामगारांत आपल्या जमिनींवरून उठलेले, गेलिक बोलणारे पहाडी लोक बरेच होते. १७९१ मध्ये स्काय बेटावरून अमेरिकेला निघालेले एक जहाज वादळामुळे ग्रीनॉक बंदरात परतले, तेव्हा त्यातल्या प्रवाशांना डेलने गिरणीत काम देऊ केले. त्यांच्याखेरीज एडिंबरो-ग्लासगोच्या अनाथालयांतून आणि गरीबखान्यांतून आणलेली सुमारे पाचशे मुले होती. कोकणच्या खाचरांतून उठून परळ-लालबागच्या गाळ्यांत आलेल्या माणसांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकांना हे चित्र फार परके वाटू नये.

१७९९ मध्ये रॉबर्ट ओवेनने आपल्या भागीदारांसह साठ हजार पौंडांना हा कारखाना विकत घेतला. त्याच वर्षी त्याने डेलच्या मुलीशी लग्न केले आणि १ जानेवारी १८०० पासून कारभार हाती घेतला. पुढची पंचवीस वर्षे न्यू लॅनार्क जगाच्या नकाशावर आले ते त्याच्यामुळे. ओवेन गेल्यावर हा कारखाना वॉकर घराण्याकडे आणि १८८१ नंतर दोर, जाळी आणि ताडपत्री बनवणाऱ्या उद्योगाकडे गेला. १९६८ साली गिरण्या कायमच्या बंद झाल्या. १९७० मध्ये मोठ्या इमारती भंगार धातूचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीने घेतल्या. गाव वाचवण्यासाठी १९७० च्या दशकाच्या मध्यास एक न्यास स्थापन झाला, १९८३ मध्ये सक्तीच्या संपादनाने इमारती ताब्यात आल्या, १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या गिरणीत हॉटेल सुरू झाले आणि २००१ साली युनेस्कोने गावाला जागतिक वारसा ठरवले.

आता संहितेकडे वळू. १९४५ मध्ये या पहिल्या गिरणीचे वरचे मजले उतरवण्यात आले होते. हॉटेलासाठी जीर्णोद्धार करताना ते पुन्हा चढवण्यात आले. आज पाहुण्यांना नदीकाठी जी देखणी, प्रमाणबद्ध वास्तू दिसते तिच्यातला काही भाग अठराव्या शतकातला आणि काही विसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. म्हणजे इथे नेमके काय घडले? संपादकाने एक खंडित पोथी घेतली, गहाळ पाने अंदाजाने आणि पुराव्याने पुन्हा लिहिली, आणि मग सलग ग्रंथ वाचकाच्या हाती दिला. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. प्रतींच्या गर्दीतून एक पाठ निवडणे म्हणजे इतर पाठ बाजूला ठेवणे, हे त्या कार्याचे अपरिहार्य अंग होते. पुढे कोणी त्यात भर घालू नये, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. जीर्णोद्धार हीसुद्धा पाठशुद्धीच असते. म्हणून तिला विचारायचे प्रश्नही तेच : मूळ पाठ कोणता मानला? कोणत्या काळाची प्रत प्रमाण धरली? गाळले काय? आणि जे प्रक्षिप्त आहे ते तसे असल्याची खूण ठेवली का?

न्यू लॅनार्कपुरते पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर उघड आहे. गिरणी १८२ वर्षे चालली. त्यातली ओवेनची वर्षे पंचवीस. तरी गावाची आज सांगितली जाणारी कथा मुख्यतः त्या पंचवीस वर्षांची आहे. १९४५ साली मजले उतरवले तेव्हा त्या गिरणीला जे रूप आले, तेही तिच्या आयुष्यातले एक अस्सल रूप होते. थकलेल्या, मागे पडलेल्या उद्योगाचे रूप. त्या बुटक्या गिरणीत पन्नाशी-साठीच्या दशकांत कामाला जाणाऱ्या माणसांना तीच खरी गिरणी होती. ती प्रत आता उपलब्ध नाही. ओवेनकालीन प्रत 'प्रमाण' ठरली, आणि उतरणीचा काळ पाठभेद म्हणूनही तळटीपेत उरला नाही.

ओवेनला त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्याने दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद केले. अनाथालयांतून मुले आणण्याची पद्धत मोडली. १ जानेवारी १८१६ रोजी त्याने चारित्र्यघडणीची संस्था उघडली. तिथे चालता येऊ लागलेल्या मुलापासून सर्वांना प्रवेश होता, छडी नव्हती, आणि गाणे, नाच, नकाशे यांना शिक्षणात स्थान होते. १८१६ च्या सुमारास जेवणाच्या सुट्ट्या वगळता कामाचा दिवस त्याने अकरा तासांच्या आत आणला. त्या काळी इतर गिरण्यांत तेरा-चौदा तास सर्रास होते. अमेरिकेने निर्यातबंदी घातल्यामुळे कापूस मिळेना तेव्हा गिरण्या चार महिने बंद होत्या, आणि त्या काळातही त्याने कामगारांना पूर्ण वेतन दिले. त्याच्या खटपटीतूनच १८१९ चा कारखाना कायदा आला, जरी संसदेतून बाहेर पडेपर्यंत त्याचे दात बरेचसे पडून गेले होते. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची कंपनी स्थापली आणि तिच्यानंतर पाव शतकाने, १८८१ साली, हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला; त्यात मुलांच्या कामाचे किमान वय सात वर्षे होते. यावरून ओवेनच्या कामाचे मोल कळावे.

परंतु याच ओवेनने प्रत्येक कामगाराशेजारी लाकडाचा एक छोटा चौकोनी ठोकळा टांगला होता. त्याच्या चार बाजूंना चार रंग : काळा, निळा, पिवळा, पांढरा. आदल्या दिवशीचे वर्तन वाईट तर काळी बाजू पुढे, उत्तम तर पांढरी. याला तो मूक देखरेखनीस म्हणे. रोजचे रंग चारित्र्याच्या वह्यांत नोंदले जात. साहित्याच्या अभ्यासकाने इथे थबकावे. गावातल्या शेकडो माणसांविषयी दररोज लिहिले जाणारे लेखन अस्तित्वात होते. पण ते त्यांच्याविषयी होते, त्यांचे नव्हते. कामगार त्या लेखनाचे विषय होते, लेखक नव्हते. त्यांचा स्वतःचा शब्द शोधू गेले तर हाती फार थोडे लागते. घरांची स्वच्छता तपासायला ओवेनने माणसे पाठवायला सुरुवात केली तेव्हा गावातल्या बायकांनी त्यांना 'ढेकूण शोधणारे' असे नाव ठेवले होते, अशी आठवण सांगितली जाते. आमच्या मते त्या संपूर्ण प्रयोगावर कामगारांच्या बाजूने झालेले हे सर्वांत नेमके साहित्यिक भाष्य आहे. दोनच शब्दांत उपकार आणि उपमर्द दोन्ही मावले आहेत.

कवी रॉबर्ट साउदी १८१९ साली इथे येऊन गेला. त्याचे प्रवासटिपण १९२९ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. त्याला व्यवस्था आवडली, मुले आनंदी दिसली. तरीही त्याने असे निरीक्षण नोंदवले की, हे गाव आणि गुलामांचा मळा यांत फरक आहे तो वरवरचा. माणसे गोरी आहेत इतकेच. साउदी राजकीय विचारांनी तोवर पुरता सनातनी झाला होता, त्यामुळे त्याच्या टीकेचा हेतू तपासून घ्यायला हवा. पण त्याने वापरलेली तुलना त्याला वाटली त्याहून खोल जाते. या गिरण्यांना कापूस कुठून येत होता? वेस्ट इंडीज आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या हातून. गंमत म्हणजे, गावाचा संस्थापक डेल हा ग्लासगोमधील गुलामव्यापारविरोधी सभेचा अध्यक्ष होता. एकाच माणसाने ग्लासगोमध्ये गुलामगिरीचा निषेध करावा आणि क्लाइडकाठी गुलामांनी वेचलेल्या कापसाचे सूत काढावे, यात आम्हांला ढोंगापेक्षा वेगळे काही दिसते. उत्पादनाच्या साखळीत प्रत्येकाला आपल्यापुरतेच पान वाचायला मिळते. आधीची पाने समुद्रापलीकडे असतात. वारसा सांगणाऱ्याचे काम ती पाने जोडून देण्याचे असते.

आता पुन्हा त्या निवांतपणाकडे येऊ. क्लाइडचे धबधबे गिरणीच्या आधीपासून प्रसिद्ध होते. टर्नरने ते रंगवले. १८०३ मध्ये वर्डस्वर्थ, त्याची बहीण डॉरथी आणि कोलरिज या भागातून गेले; डॉरथीच्या त्या प्रवासाचे वर्णन १८७४ साली ग्रंथरूपाने आले आणि आजही वाचले जाते. इंग्रजीतल्या निसर्गकवितेची पाठ्यपुस्तके या धबधब्यांना रम्य आणि उदात्त या कोटींत बसवतात. पण तेच पाणी थोडे पुढे एका पाटात वळवलेले होते आणि तिथे त्याचा हिशेब चात्यांच्या संख्येत होत होता. एकाच नदीचे हे दोन पाठ : एक सौंदर्याचा, दुसरा शक्तीचा. कवींनी पहिला वाचला, मालकांनी दुसरा. हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याला खिडकीतून पहिलाच पाठ दिसतो आणि दुसऱ्याची जागा भिंतीवरच्या माहितीफलकाला मिळते. जिथे यंत्रांच्या गदारोळात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे, जिथे हवेत कापसाचे तंतू तरंगत असत आणि सूत तुटू नये म्हणून खोल्या उबदार व दमट ठेवाव्या लागत, तिथे आता नदीची खळखळ ऐकू येते. या शांततेला आमचा विरोध नाही. ती इतिहासाचा भाग म्हणून विकली जाते, याला आहे. ही शांतता गिरणी बंद पडल्याची शांतता आहे, एवढे तरी पाहुण्याला कळायला हवे.

न्यासाला ही उणीव जाणवली नव्हती असे नाही. अभ्यागतांसाठी तिथे अनेक वर्षे एक फिरती सफर होती. तिच्यात अ‍ॅनी मॅक्लाउड नावाची दहा वर्षांची गिरणीतली मुलगी, तिचे भूत म्हणा, १८२० सालातले आपले जीवन स्वतः सांगत असे. अ‍ॅनी काल्पनिक आहे. कामगाराचा आवाज दस्तऐवजांत सापडत नाही म्हणून तो रचावा लागला. कथनमीमांसा शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना हे उदाहरण विलक्षण वाटते. मालकाने आत्मचरित्र लिहिले; ते १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अजून मिळते. मुलीला मात्र निवेदक होण्यासाठी आधी मरावे लागले, मग कल्पित व्हावे लागले. आणि कल्पित निवेदकाची अडचण अशी की, त्याला घडवणाऱ्याच्या इच्छेबाहेर तो बोलत नाही. अ‍ॅनी ढेकूण शोधणाऱ्यांवर किती चिडली असती, ते आपल्याला कधी कळणार नाही.

एवढे आक्षेप घेतल्यावर आम्ही हॉटेल नको म्हणू, अशी वाचकांची अपेक्षा असेल. आम्ही तसे म्हणत नाही. १९७० च्या दशकात न्यू लॅनार्कपुढे दुसरा पर्याय होता तो भंगाराचा. हॉटेल न्यासाने आपल्याच मालकीत उभे केले. त्याचे उत्पन्न गावाच्या देखभालीकडे वळावे ही त्यामागची कल्पना होती. गावातली जुनी घरे दुरुस्त करून त्यांत माणसे राहती ठेवली गेली. तिसऱ्या गिरणीत जुन्या यंत्रावर लोकरीचे सूत काढण्याचे काम सुरू करण्यात आले, म्हणजे निदान एका दालनात तरी यंत्राचा आवाज आहे. हॉटेल ही गावाची एक ओळ आहे, संपूर्ण पान नाही. हाच फरक आम्हांला निर्णायक वाटतो. वास्तू हॉटेल झाली यात गैर काही नाही. हॉटेलाने आपल्याखेरीज दुसरा कोणताच पाठ शिल्लक ठेवला नाही, तर ते गैर.

या निकषावर आपल्या मुंबईकडे पाहिले तर काय दिसते? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतरच्या तीन दशकांत गिरणगावाचे काय झाले ते इथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सुचवले : एक मोकळ्या जागांसाठी, एक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने पहिले दोन वाटे फक्त रिकाम्या जमिनीपुरते उरले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल आला, पंचतारांकित हॉटेल आले. चिमणी तेवढी शोभेला राहिली. कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटे लागलेल्या आगीत चौदा जणांचा जीव गेला, तेव्हा वृत्तपत्रांतून 'कमला मिल' हे नाव दिवसेंदिवस झळकत होते. पण त्या नावातल्या 'मिल' या शब्दाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. इथे पाठशुद्धी झालीच नाही. पोथी रद्दीत गेली आणि मुखपृष्ठाचा एक तुकडा फ्रेम करून भिंतीवर लावला गेला.

तरीही आपल्याकडे असे काही आहे की जे न्यू लॅनार्ककडे नाही. तिथे वास्तू उभी आहे आणि कामगाराचा शब्द रचावा लागला. इथे वास्तू गेल्या, पण शब्द आहे, आणि तो विपुल आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधू'च्या पानांवरून गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे मांडले, त्यांच्या सह्यांचे अर्ज सरकारदरबारी नेले. १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुट्टी त्या लिहिण्या-बोलण्यातून आली. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' लिहिली. स्वतः गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी कामगारवस्तीच्या मैदानांतून शाहिरी केली. गिरणी कामगाराने वाढवलेल्या नारायण सुर्व्यांनी 'माझे विद्यापीठ' दिले. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने संपानंतरचे घर रंगमंचावर आणले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभराच्या आसपास माणसांच्या मुलाखतींतून गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ साली ग्रंथबद्ध केला आणि तो मराठीतही आला. यांतल्या एकाही निवेदकाला कल्पित भूत होण्याची वेळ आली नाही. अ‍ॅनीला जे मिळाले नाही ते लालबाग-परळच्या माणसांनी स्वतःच मिळवले होते.

मग अडचण कोणती? अडचण आमच्या वर्गात दिसते. आम्ही गिरणगावाची कविता शिकवतो तेव्हा 'भोंगा' या शब्दापाशी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे लाउडस्पीकर उभा राहतो. पाळीची वेळ सांगणारा, साऱ्या वस्तीला उठवणारा आणि एके दिवशी वाजायचा थांबल्यामुळे वस्तीची झोप उडवणारा भोंगा त्यांनी ऐकलेला नाही. 'धोटा', 'साचेवाला', 'बदली', 'जॉबर', 'गाळा', 'खानावळ' या शब्दांना अर्थ सांगता येतो. त्यांचे आकारमान सांगता येत नाही. साच्यांचे खाते किती लांबरुंद असते, तिथे किती उकडते, एका गाळ्यात वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने कशी झोपत, हे कोणत्याही तळटीपेत मावत नाही. शब्दाला जागा लागते. न्यू लॅनार्कला गेलेल्या विद्यार्थ्याला जागा आहे, पण कामगाराने लिहिलेली संहिता नाही. आमच्या विद्यार्थ्याला संहिता आहे, पण जागा नाही. दोघांनाही अर्धाच ग्रंथ वाचायला मिळतो.

म्हणून आम्हांला असे वाटते की, उद्या महाराष्ट्रात एखादी गिरणी, साखर कारखान्याची जुनी वास्तू, जिनिंगची शेड किंवा नीरस वाटणारे रेल्वेचे कोठार दुरुस्त होऊन तिथे हॉटेल होणार असेल, तर आपण सरसकट नाक मुरडू नये आणि सरसकट टाळ्याही वाजवू नयेत. तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, वास्तूचा सर्व काळ नोंदला जावा. वैभवाचा काळ जसा, तसाच उतरणीचा, संपाचा, टाळेबंदीचाही. जे नवे बांधले आहे ते नवे म्हणून ओळखू यावे. दुसरी, वास्तूचा निदान एक भाग पाहुणा नसलेल्या माणसाला मोकळा असावा. ज्याच्या आज्याने तिथे पाळ्या केल्या, त्याला आत पाऊल टाकण्यासाठी एका रात्रीचे भाडे मोजावे लागू नये. तिसरी, कामगाराचा शब्द उपलब्ध असेल तिथे तोच वापरला जावा. त्याच्या जागी सजावटकाराने लिहिलेली गोड वाक्ये येऊ नयेत. आपल्याकडे तो शब्द उपलब्ध आहे, त्यामुळे न वापरण्याला सबबही नाही.

यांतली तिसरी गोष्ट सरकारवर किंवा बांधकाम व्यावसायिकांवर सोडून चालणार नाही, कारण ती आपल्या विभागांची आहे. मराठीचे किती विभाग आपल्या गावातल्या बंद पडलेल्या कारखान्याचा शब्दसंग्रह गोळा करतात? इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी, मालेगाव, अचलपूर, हिंगणघाट इथल्या महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प करावाच लागतो. दरवर्षी त्याच त्या कादंबऱ्यांच्या त्याच त्या समीक्षेची पुनरावृत्ती करण्याऐवजी, निवृत्त कामगाराकडून त्याच्या खात्याचा नकाशा काढून घेणे, यंत्राच्या प्रत्येक भागाला तो काय म्हणत असे ते लिहून घेणे, हे काम साहित्याच्या विद्यार्थ्याचे नव्हे असे कोणी ठरवले? भाषाविज्ञान शिकवणारे आणि लोकसाहित्य शिकवणारे आपण यात कमी पडावे असे काहीच नाही. एक टेप, एक वही आणि थोडा धीर पुरतो. मात्र वेळ थोडा आहे. १९८२ साली ऐन उमेदीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

वास्तू पाडली गेली तरी तिचा पाठ उभा करता येतो, पण तो सांगणारे माणूस असेतोवर. त्यानंतर आपल्यालाही एखादी अ‍ॅनी रचावी लागेल, आणि ती आपल्याला आवडेल तेवढेच बोलेल. न्यू लॅनार्कच्या हॉटेलात रात्री नदीचा आवाज ऐकत झोपणाऱ्या पाहुण्याचा आम्हांला हेवा वाटत नाही आणि रागही येत नाही. त्याच्या खोलीच्या जागी एके काळी कोण उभे होते हे त्याला सांगणारे खरे शब्द त्या गावाकडे फारसे उरले नाहीत, याचे मात्र वाईट वाटते. आपल्याकडे ते अजून आहेत. ते ऐकणारे कोणी नव्हते, असे पुढच्या पिढीला सांगण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.